कुंडीतल्या मातीत खत किती? मीटरनं मोजायची रीत

मागच्या उन्हाळ्यात माझ्या गच्चीवरच्या मिरचीची पानं टोकाकडून करपायला लागली. मला वाटलं, झाड भुकेलं आहे. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात) घरात होतंच. आठवड्यातून एकदा देत होतो, ते दोनदा द्यायला लागलो. पानं आणखी करपली. मग शेंगदाण्याच्या पेंडीचं पाणी दिलं, तर फुलंच गळाली. शेवटी पिण्याचं पाणी तपासायचा टीडीएस पेन, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, कुंडीखालच्या ताटलीतल्या पाण्यात बुडवला. आकडा आला ३४०. हे काही फार नाही म्हणून पेन ठेवून दिला. दोन दिवसांनी लक्षात आलं की आकड्याच्या बाजूला बारीक अक्षरांत '×१०' लुकलुकत होतं. म्हणजे ३४००! झाड उपाशी नव्हतंच. मी मिरचीचं लोणचं झाडावरच घालत होतो.

कुंडीतलं झाड जमिनीतल्या झाडासारखं मुळं लांबवून दुसरीकडे अन्न शोधू शकत नाही. तुम्ही घालाल तेवढंच त्याचं, आणि तुम्ही घातलेलं जास्तीचंही त्याचंच. म्हणून कुंडीला मीटर लावण्यात अर्थ आहे. पण मीटर काय सांगतो आणि काय सांगत नाही हे आधी नीट समजून घ्यायला हवं, नाहीतर माझ्यासारखा आकडा दिसूनही दिसत नाही.

कोणता मीटर घ्यायचा

'मातीचा मीटर' या नावाखाली बाजारात बरंच काही मिळतं. सगळ्यात जास्त खपतो तो दोन-तीन सळ्यांचा, वर काटा असलेला, बॅटरी न लागणारा. दोन वेगवेगळ्या धातूंच्या सळ्या ओल्या मातीत गेल्या की त्यांच्यात चिमुकला विद्युतघट तयार होतो आणि काटा हलतो. माती किती ओली आहे याचा अंदाज घ्यायला तो चालेल, तरी माती खारट असेल तर हाच काटा ओलावाही वाढवून दाखवतो. त्याच्यावर पीएचची, म्हणजे माती आम्लधर्मी की अल्कधर्मी हे दाखवणारी पट्टी असते, ती मी जमेस धरत नाही.

दुसरा प्रकार हल्ली ऑनलाइन फार दिसतो: स्टीलच्या सळ्या आणि पडद्यावर नत्र, स्फुरद, पालाश यांचे तीन वेगळे आकडे. बघून मोह होतो, पण घेऊ नका. या स्वस्त सेन्सरमधल्या सळईला नत्र आणि पालाश वेगळे ओळखता येत नाहीत. ती मातीची विद्युत वाहकता मोजते आणि तिन्ही आकडे त्यावरून सूत्रानं काढले जातात. मातीत मिठाचं पाणी ओतलंत तरी नत्र 'वाढेल'.

घ्यायचा तो ईसी पेन, म्हणजे विद्युत वाहकता मोजणारा. घरात पाण्याचा टीडीएस पेन असेल तर तोही चालतो, कारण आतून तो ईसीच मोजतो आणि दाखवताना गुणाकार करतो. जोडीला पीएचचा, म्हणजे सामू मोजायचा पेन असला तर उत्तम. दोन्ही एकदम घेणं जमत नसेल तर आधी ईसीचा घ्या. तो टिकतो आणि त्याची फारशी देखभालही करावी लागत नाही. पीएच पेनाचं काचेचं बोंड मात्र नाजूक आणि लहरी असतं.

आकडा नक्की कशाचा?

खत पाण्यात विरघळलं की त्याचे विद्युतभारित कण सुटे होतात: नायट्रेट, अमोनियम, पोटॅशियम, कॅल्शियम वगैरे. हे कण वीज वाहून नेतात. कण जितके जास्त, तितकी वीज सहज वाहते. पेनाच्या टोकाशी असलेल्या दोन धातूंच्या टोकांमध्ये नेमकं हेच मोजलं जातं. मात्र सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे साधं मीठ, हेही असेच कण. बोअरच्या पाण्यातला खार कोणता आणि तुम्ही घातलेलं पोटॅश कोणतं, हे पेनाला कळत नाही. तो सगळ्यांची एकच बेरीज करतो.

उलट प्रकारही होतो. दोन ग्लासांत डिस्टिल्ड पाणी घ्या. एकात अर्धा चमचा युरिया विरघळवा, दुसऱ्यात चिमूटभर मीठ. मिठाच्या ग्लासात आकडा उडी मारेल, युरियाच्या ग्लासात जेमतेम हलेल. युरियात ४६ टक्के नत्र असतं, पण विरघळल्यावर त्याचे भारित कण होत नाहीत, त्यामुळे पेनाला तो दिसतच नाही. मातीतले जिवाणू युरियाचं अमोनियम करतात तेव्हा कुठे आकडा चढतो. याला काही दिवस लागतात. युरियाचं पाणी घालून लगेच ईसी मोजली आणि 'अजून कमीच आहे' म्हणून पुन्हा युरिया घातला, तर आठवड्यानं काय होईल ते सांगायला नको.

सेंद्रिय खतांचंही असंच. गांडूळखत, शेणखत, पेंड यांतलं बरंचसं नत्र अजून सेंद्रिय पदार्थात अडकलेलं असतं, हळूहळू सुटत असतं. पेन फक्त सुटलेलं दाखवतो. म्हणून भरपूर गांडूळखत घातलेल्या कुंडीचा आकडा कमी आला आणि झाड हिरवंगार असलं, तर झाडावर विश्वास ठेवा.

एककांचा घोळ एकदाच सोडवून टाकू. १ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर म्हणजे १००० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर, आणि माती परीक्षणाच्या अहवालात येणारं १ डेसिसीमेन्स प्रति मीटरही तेवढंच. टीडीएस पेन पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) दाखवतो. बहुतेक पेन ईसी १ ला ५०० पीपीएम म्हणतात, काही ७०० म्हणतात. पुढे मी सगळीकडे मिलिसीमेन्समध्येच बोलणार आहे. 'ईसी २' म्हणजे ५००च्या पेनावर १००० आणि ७००च्या पेनावर १४००. आणि हो, ९९९च्या पुढे गेल्यावर अनेक पेन शेवटचं शून्य गाळून '×१०' दाखवतात. माझी मिरची तिथेच फसली.

पेन खरं बोलतो का ते बघा

दुकानात १४१३ मायक्रोसीमेन्सचं तयार द्रावण मिळतं. पेन त्यात बुडवून आकडा जुळवणं हा सरळ मार्ग. ते नसेल तर स्वयंपाकघरात काम भागतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १ ग्रॅम मीठ नेमकं मोजता येत नाही, म्हणून १० ग्रॅम मोजा आणि थोड्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून एकूण द्रावण १ लिटर करा. त्यातलं १०० मिलि काढून त्यात पुन्हा डिस्टिल्ड पाणी घालत १ लिटर करा. आता लिटरमागे १ ग्रॅम मीठ झालं. या पाण्याची ईसी २च्या आसपास येते. पेन पीपीएमचा असेल तर १०००च्या जवळ आकडा आला की तो ५००चा, १४००च्या जवळ आला की ७००चा. डबीवर काय लिहिलंय ते शोधत बसायला नको. १५००च्या पुढे गेला किंवा ७००च्या खाली राहिला तर पेनात गडबड आहे. आधी टोकं स्पिरिटनं पुसून, धुऊन पुन्हा बघा. बहुतेकदा तिथे खताचा थर बसलेला असतो.

डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानात मिळतं. मागताना 'बॅटरीचं पाणी, ॲसिड नव्हे' असं स्पष्ट सांगा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही या कामाला चालतं, कारण ते हवेतल्या बाष्पाचंच असतं. स्वच्छ बाटलीत धरा आणि पेनानं तपासून बघा, आकडा शून्याच्या जवळ यायला हवा. एसीची सफाई नुकतीच झाली असेल तर आठवडाभर ते पाणी घेऊ नका.

तापमानाचंही भान ठेवा. पाणी एक अंशानं तापलं की वाहकता साधारण २ टक्क्यांनी वाढते. पेन आपणहून २५ अंशांचा हिशेब करतो, पण त्याला थोडा वेळ द्यावा लागतो. एप्रिलच्या दुपारी गच्चीवरच्या काळ्या कुंडीतून निघालेलं पाणी लगेच मोजू नका. सकाळी मोजा, किंवा पाणी घरात आणून अर्धा तास ठेवा.

आधी पाणी मोजा, माती नंतर

ही पायरी सगळे गाळतात. तुम्ही रोज घालता त्या पाण्याची ईसी आधी वहीत लिहा. माझ्या पुण्याच्या नळाला धरणाचं पाणी आहे, ते ०.१ ते ०.२च्या मध्ये येतं. मुंबईत तानसा, वैतरणा, भातसाचं पाणीही असंच सौम्य. बोअर किंवा टँकर असेल तर चित्र बदलतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोनं विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम धरली आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत मुभा दिली आहे. माणसाला चालेल असं २०००चं पाणी कुंडीतल्या घेवड्याला मुळीच चालणार नाही.

हिशेब करून बघा. ईसी १चं पाणी म्हणजे लिटरमागे सुमारे अर्धा ग्रॅम क्षार. मोठ्या कुंडीला रोज १ लिटर घातलं आणि खालून एक थेंबही निघू दिला नाही, तर दोन महिन्यांत ३० ग्रॅम क्षार आत जातात. पाणी उडून जातं, झाड पितं, क्षार मात्र बहुतेक तिथेच बसतात. सहा चमचे मीठ कुंडीत ओतल्यासारखंच झालं ते. मातीच्या कुंडीला बाहेरून जो पांढरा थर चढतो तो हाच.

आरओच्या नाकारलेल्या पाण्याबद्दल नेहमी विचारणा होते. मूळ पाणी धरणाचं असेल तर नाकारलेलं पाणीही बऱ्याचदा झाडांना चालण्याजोगं असतं, पेन बुडवून खात्री करा. मूळ पाणी बोअरचं असेल तर ते फरशी पुसायला वापरा. कुंड्यांना नको.

निथळा धरून मोजायची पद्धत

आता मुख्य काम. ओल्या मातीत पेन थेट खुपसून चालत नाही, कारण मुळांभोवतीचं पाणी बाहेर आणून मोजावं लागतं. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या रोपवाटिका-शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात यासाठी सोपी युक्ती रूढ केली, तिला 'पोअर-थ्रू' म्हणतात. तत्त्व असं: माती पाण्यानं पूर्ण भरलेली असताना वरून थोडं शुद्ध पाणी घातलं, तर ते मुळांभोवतीचं पाणी खाली ढकलतं. आपण तेच धरायचं, त्यालाच मी निथळा म्हणतो.

सुरुवात नेहमीच्या पाण्यापासून. मोजायच्या दिवशी सकाळी कुंडीला रोजच्यासारखं पाणी द्या, पण खालून वाहीपर्यंत द्या. मग निदान अर्धा तास, जमलं तर तासभर थांबा. या वेळात जास्तीचं पाणी निघून जातं आणि आतले क्षार सगळीकडे सारखे पसरतात. घाई केलीत तर नुकतंच घातलेलं नळाचं पाणीच मोजलं जाईल.

तोवर ताटली धुऊन, डिस्टिल्ड पाण्यानं विसळून कोरडी करा. ताटलीत विटेचे दोन तुकडे किंवा उलटी वाटी ठेवून कुंडी उचलून धरा, म्हणजे तिचा तळ पाण्यात बुडणार नाही. विटेलाही क्षार असतात, तेव्हा प्लास्टिकची वाटी बरी. आधीपासून ताटलीत साचलेलं पाणी मोजायचं नाही. ते किती दिवसांचं आणि किती आटलेलं आहे हे कुणाला ठाऊक. माझा ३४०० असाच मोजलेला होता, म्हणून तोही पुन्हा नीट मोजावा लागला.

आता डिस्टिल्ड पाणी झारीनं किंवा पेल्यानं हळूहळू, मातीवर सगळीकडे फिरवत घाला. ६ इंची कुंडीला ७५ ते १०० मिलि पुरतं, १० इंचीला ३५० मिलि लागतं. लक्ष्य एवढंच की ताटलीत ५० मिलिच्या आसपास निथळा यावा. त्याहून बराच जास्त आला तर तो पातळ झालेला आहे, आकडा कमी दिसेल. बुंध्याशी एकाच जागी ओतू नका आणि कडेनंही नको. माती आकसून कुंडीपासून सुटलेली असेल तर पाणी त्या फटीतून थेट खाली येईल आणि तुम्ही फक्त डिस्टिल्ड पाणी मोजाल.

निथळा छोट्या काचेच्या पेल्यात घ्या, गाळायची गरज नाही. पेनाचं टोक बुडवा, दोनदा हलवून बुडबुडे काढा, आकडा स्थिर होऊ द्या आणि लिहा. पेन धुऊन ठेवा. ईसी पेन कोरडा ठेवला तरी चालतो.

मोजायची वेळ ठरलेली असावी. खत दिल्याच्या दुसऱ्या दिवशी एकदा आणि पुढच्या वेळी खत द्यायच्या आदल्या दिवशी, असं मोजलं तर दोन्ही आकड्यांची तुलनाच होत नाही. मी नेहमी खत द्यायच्या आदल्या दिवशी मोजतो. कारण मला हेच ठरवायचं असतं: उद्या द्यायचं की नाही?

आकडा वाचायचा कसा

रोपवाटिकांमध्ये वापरतात त्या निथळ्याच्या मोजपट्टीनुसार १च्या खाली फार कमी, १ ते २.६ कमी, २.६ ते ४.६ बहुतेक वाढत्या झाडांना योग्य, त्यापुढे ६.५ पर्यंत जास्त, आणि त्याही पुढे धोका. पण ही पट्टी झाडं भराभर वाढवून विकायच्या ठिकाणची आहे. घरात मनी प्लांट महिन्याला दोन पानं काढत असेल तर त्याला ४ कशाला हवेत? माझ्या अनुभवात घरातल्या सावलीच्या झाडांना १ ते २ पुरेसं होतं. फर्न, ऑर्किड, सक्युलंट यांना त्याहूनही कमी. गुलाब, शेवंती, टोमॅटो, वांगी ही खादाड मंडळी फुलाफळांवर असताना २ ते ३.५ मध्ये खूश असतात.

सोसण्याची ताकदही सारखी नसते. घेवडा, गाजर आणि स्ट्रॉबेरी ही खाराला सगळ्यात हळवी. महाबळेश्वरहून हौसेनं आणलेलं स्ट्रॉबेरीचं रोप शहरातल्या बोअरच्या पाण्यावर का टिकत नाही, याचं एक कारण हेच, दुसरं अर्थात ऊन. मिरची आणि कांदा जरा बरे, टोमॅटो त्याहून चिवट, बीट तर बरंच खारट सोसतं.

यातला एकही आकडा मी देवाचा शब्द मानत नाही. एकाच कुंडीचा, एकाच पद्धतीनं मोजलेला आकडा तीन-चार वेळा चढतोय की उतरतोय, हे जास्त बोलकं असतं. दर वेळी चढत असेल तर झाड खातंय त्यापेक्षा तुम्ही जास्त घालताय. उतरत असेल आणि जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर खताची वेळ झाली. आकडा उतरलाय पण झाड टवटवीत आहे? मग काही करू नका.

जास्त आला तर

खत बंद करा आणि कुंडी धुवा. धुणं म्हणजे कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी तिच्यातून जाऊ देणं. १० इंची कुंडीत १० लिटरच्या आसपास माती मावते, तेव्हा २० लिटर. एकदम ओतायचं नाही. निम्मं सावकाश घाला, अर्धा तास थांबा, मग उरलेलं. आधी तळाची भोकं मोकळी आहेत ना ते काडी घालून बघा, नाहीतर क्षार जायचे राहतील आणि मुळं कुजतील. निघालेलं पाणी ताटलीत राहू देऊ नका, झाड तेच परत वर ओढतं. पाणी वाचवायचं असेल तर हे काम पावसाळ्याच्या पहिल्या जोरदार सरीवर सोपवा. कुंड्या उघड्यावर ठेवल्या की पाऊस फुकटात धुऊन देतो. याच कारणानं जुलैअखेर कोकण-मुंबईकडच्या गच्चीवरच्या कुंड्यांचा आकडा तळाला गेलेला असतो, त्यांना तेव्हा हलकं खत लागतं.

माझ्या मिरचीचा नीट मोजलेला आकडा ५.९ होता. दोन दिवसांच्या अंतरानं दोनदा धुतल्यावर तो २.४ वर आला. करपलेली पानं काही बरी झाली नाहीत, ती होतही नसतात. तीन आठवड्यांनी आलेली नवी पालवी मात्र स्वच्छ होती. धुण्यात नायट्रेटही वाहून जातं, म्हणून आठवड्याभरानं पाकिटावर लिहिलंय त्याच्या अर्ध्या ताकदीचं खत सुरू केलं.

आकडा धुऊनही पुन्हा पुन्हा चढत असेल तर दोष बहुधा पाण्यात किंवा कंपोस्टमध्ये आहे. घरच्या कंपोस्टमध्ये शिळी आमटी, पापडाचे तुकडे, लोणच्याचा खार जात असेल तर ते मीठ कुठेच जात नाही, थेट कुंडीत येतं. चुलीची किंवा शेगडीची राख हे आणखी एक ठिकाण: तिच्यानं ईसीही वाढते आणि सामूही.

सामू: भरल्या ताटावर उपाशी

ईसी ठीक, पाणी ठीक, तरी मोगऱ्याची, अनंताची किंवा लिंबाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. हे लोह न मिळाल्याचं लक्षण, आणि बहुतेक वेळा लोह मातीत असतंच, फक्त सामू ७च्या वर गेल्यानं मुळांना ते घेता येत नाही. देशावरची काळी माती चुनखडीची, तिचा सामू ७.५ ते ८.५ सहज असतो. कोकणातली जांभ्याची लाल माती उलट आम्लधर्मी. म्हणून कोकणातून आणलेला अनंत देशावरच्या मातीत लावला की वर्षभरात पिवळा पडतो.

वरच्याच निथळ्यात पीएच पेन बुडवा. कोकोपीटच्या (नारळाच्या सोडणाच्या भुशाच्या) मिश्रणात ५.५ ते ६.५ आणि मातीच्या कुंडीत ६ ते ७ असला की झालं. पेन आधी ६.८६ आणि ४च्या द्रावणांवर जुळवून घ्यावा लागतो. पुड्या पेनासोबत येतात, त्या २५० मिलि डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायच्या. काचेचं बोंड कधी कोरडं पडू देऊ नका आणि डिस्टिल्ड पाण्यातही बुडवून ठेवू नका, दोन्हींनी ते मरतं. टोपणात पोटॅशियम क्लोराइडचं साठवणीचं द्रावण घाला. निव्वळ डिस्टिल्ड पाण्याचा पीएच मोजायचा नादही सोडा. त्यात क्षारच नसतात, त्यामुळे आकडा भरकटतो.

सामू जास्त आला म्हणून लिंबू पिळणं किंवा व्हिनेगर घालणं हा दोन दिवसांचा खेळ. चुनखडीच्या मातीत हिराकसही (लोहाचं सल्फेट) लवकर निकामी होतं. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रेणूनं धरून विरघळतं ठेवलेलं लोह जास्त सामूतही काम करतं, ईडीटीए प्रकारचं तितकं नाही. घेताना पाकिटावर ही अक्षरं बघा. खरा उपाय मात्र कुंडीतलं मिश्रण बदलणं.

चिकण माती, कोकोपीट आणि पोत्यातलं खत

कुंडीत निव्वळ चिकण माती असेल तर निथळा धरायची पद्धत फसते, पाणी फटींतून पळतं. तिथे एक वाटी माती आणि दोन वाट्या डिस्टिल्ड पाणी ढवळा, अर्धा तास ठेवा, वरचं निवळलेलं पाणी मोजा. माती वरच्या दोन इंचांतली घेऊ नका. क्षार वर चढून तिथे जमतात, त्यामुळे आकडा फुगतो. मुळांच्या उंचीवरची घ्या. या पद्धतीत पाणी जास्त मिसळतं, म्हणून पट्टीही वेगळी: ०.७५ ते १.२५ योग्य, १.७५च्या पुढे फार जास्त. हळू विरघळणाऱ्या खताच्या गोळ्या मातीत असतील तर आधी वेचून काढा. ढवळताना फुटल्या तर आकडा आभाळाला भिडेल.

हीच रीत कोकोपीट विकत घेताना माझ्या फार कामी आली आहे. नारळाच्या सोडणांत पोटॅशियम आणि सोडियम मुळातच असतं, आणि काही ठिकाणी ती खाडीच्या पाण्यात भिजवतात. नीट धुतलेलं कोकोपीट या मापानं ०.५च्या आत यायला हवं. जास्त आलं तर बादलीत भिजवून, पिळून, पाणी बदलून दोन-तीनदा धुवा आणि दर वेळी मोजा. पोत्यातलं शेणखतही असंच एकदा बघून घ्या.

वही, आणि प्रयोगशाळा कधी

दर कुंडी दर आठवड्याला मोजायला गेलात तर महिन्यात कंटाळाल. मी एकसारख्या झाडांतली एक कुंडी निवडतो, तिच्यावर रंगाचा ठिपका देतो आणि तिलाच पंधरा दिवसांनी मोजतो. वहीत तारीख, शेवटचं खत कधी आणि किती, पाणी कोणतं, ईसी, सामू आणि पानांबद्दल चार शब्द. उन्हाळ्यात आठवड्यानं मोजलेलं बरं, कारण पाणी भराभर उडतं आणि क्षार दाट होतात.

नेमकं नत्र किती, स्फुरद किती, जस्त आहे का, हे पेनाकडून कधीच कळणार नाही. ते हवं असेल तर माती परीक्षण प्रयोगशाळाच गाठावी लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी शासनाची मृद चाचणी प्रयोगशाळा असते, कृषी विद्यापीठं आणि कृषी विज्ञान केंद्रांकडेही ही सोय असते. २०१५ पासूनच्या मृद आरोग्य पत्रिकेत ज्या १२ गोष्टी तपासतात त्यांत सामू, ईसी आणि सेंद्रिय कर्बासोबत जस्त, लोह, बोरॉनसारखी सूक्ष्म अन्नद्रव्यंही येतात. गच्चीवर वीस-पंचवीस कुंड्या एकाच मिश्रणाच्या असतील तर त्यांतल्या आठ-दहांतून मूठ-मूठ माती काढा, एकत्र करा, सावलीत वाळवा आणि अर्धा किलो न्या. पिशवीवर 'कुंडीतली माती' असं लिहा आणि मिश्रणात काय काय आहे तेही सांगा. तिथल्या शिफारशी हेक्टरी किलोत असतात, त्या कुंडीला जशाच्या तशा लावू नका. अहवालातली ईसी बहुधा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी या प्रमाणात मोजलेली असते, त्यामुळे ती तुमच्या निथळ्याच्या आकड्यापेक्षा बरीच कमी दिसेल. वहीत ती वेगळ्या शाईनं लिहा, म्हणजे पुढच्या वेळी दोन्हींची सरमिसळ होणार नाही.